रोज सकाळी दहा वचनं

मे १८४४मध्ये फिलाडेल्फिया शहरालगतच्या केन्सिंग्टन वस्तीत दंगल पेटली ती शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून. सरकारी शाळांचा दिवस बायबलवाचनाने सुरू होई आणि ते बायबल असे प्रॉटेस्टंटांचं, किंग जेम्स राजाच्या काळातल्या भाषांतराचं. आयर्लंडमधून पोटापाण्यासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांचं बायबल वेगळं होतं. फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२मध्ये शाळाचालकांना विनंती केली, की आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या आणि प्रॉटेस्टंट उपासनेतून त्यांना मोकळीक द्या. मागणी एवढीच होती. आवई मात्र उठली ती अशी, की कॅथलिकांना शाळेतून बायबलच हद्दपार करायचं आहे. १८४४च्या मे आणि जुलै अशा दोन खेपांना उसळलेल्या दंगलींत किमान वीस माणसं मेली, घरं जळाली, सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चं भस्मसात झाली. मारणारेही येशूचंच नाव घेत होते आणि मरणारेही.

ही दंगल आधी सांगायला कारण आहे. शाळेतल्या प्रार्थनेविरुद्ध अमेरिकेत जे खटले झाले ते देव न मानणाऱ्यांनी धर्मावर घातलेले घाव होते, असं तिथे अनेकजण आजही मानतात. आपल्याकडेही ‘निधर्मी’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं. न्यायालयांचे निकाल, फिर्यादींच्या आठवणी आणि त्या काळच्या बातम्या वाचल्या की निराळं काही दिसतं. सरकारने देवाधर्मात हात घालू नये हा आग्रह पहिल्यापासून धरला तो भाविकांनी, आणि खटल्यांच्या काळातही त्यांनी तो सोडला नाही.

स्वातंत्र्यापूर्वी व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे सरकारी चर्च होतं. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून तिथे बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकलं जाई, आणि ते पाहून तरुण जेम्स मॅडिसन संतापला होता. १७८४मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी कर बसवणारं विधेयक पुढे केलं. मॅडिसनने त्याविरुद्ध निवेदन लिहिलं, लोकांनी सह्या केल्या, विधेयक बारगळलं आणि जानेवारी १७८६मध्ये थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियाने मंजूर केला. १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने हेच तत्त्व देशाच्या पातळीवर आणलं: काँग्रेसने धर्म प्रस्थापित करणारा कायदा करू नये, कोणाच्या धर्माचरणाला आडकाठीही करू नये. पुढे अध्यक्ष झालेल्या जेफरसनने १ जानेवारी १८०२ रोजी कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र पाठवलं आणि या तरतुदीला चर्च व शासन यांच्यामधली भिंत म्हटलं. त्या राज्यात तेव्हा काँग्रिगेशनल चर्चला सरकारी आश्रय होता आणि त्याखाली दबलेल्या बाप्टिस्टांनी आपलं गाऱ्हाणं जेफरसनच्या कानावर घातलं होतं.

या भिंतीचं बंधन होतं ते फक्त केंद्रातल्या काँग्रेसवर. राज्यं मोकळी होती. मॅसॅच्युसेट्सने आपलं सरकारी चर्च १८३३पर्यंत चालवलं, आणि शाळा तर पूर्णपणे राज्यांच्या व गावांच्या हातात. यादवी युद्धानंतर, १८६८मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती आली आणि राज्यांवरही नागरिकांच्या मूलभूत स्वातंत्र्याचं बंधन पडलं. पण त्या स्वातंत्र्यात धर्माचंही स्वातंत्र्य येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करायला १९४० साल उजाडावं लागलं. म्हणजे फिलाडेल्फियाच्या दंगलीनंतर जवळजवळ शंभर वर्षं शाळेतल्या बायबलविरुद्ध राष्ट्रीय पातळीवर दाद मागायची सोयच नव्हती. एखाद्या राज्याच्या न्यायालयाने वेगळा विचार केला तर केला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९०मध्ये एजर्टन गावातल्या कॅथलिक पालकांच्या फिर्यादीवरून शाळेतलं बायबलवाचन थांबवलं, तो अपवाद होता.

दार उघडलं ते एका हरलेल्या खटल्याने. न्यू जर्सीतल्या युइंग गावचं शाळा मंडळ मुलांच्या बसभाड्याचे पैसे पालकांना परत देत असे, कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही. आर्च एव्हरसन या करदात्याने त्याला हरकत घेतली. १० फेब्रुवारी १९४७ रोजी निकाल लागला तो पाच विरुद्ध चार मतांनी. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक अलाबामातल्या बाप्टिस्ट घरात वाढलेले, वर्षानुवर्षं चर्चच्या रविवारच्या वर्गात शिकवलेले. तरुणपणी ते क्लू क्लक्स क्लानमध्येही होते, आणि कॅथलिकांविषयीचा जुना आकस त्यांच्या लेखणीत उतरला असा आरोप पुढे त्यांच्यावर होत राहिला. त्यांनी निकालात नि:संदिग्धपणे लिहिलं, की केंद्र असो वा राज्य, कोणत्याही सरकारला चर्च स्थापता येणार नाही, एका धर्माला किंवा सगळ्याच धर्मांना मदत करता येणार नाही, आणि धर्मकार्यासाठी लहानमोठा कसलाच कर बसवता येणार नाही. एवढं म्हणून शेवटी त्यांनी बसभाडं मात्र चालू दिलं: पोलीस आणि अग्निशमन दल जसं सगळ्यांसाठी, तशीच मुलांना सुखरूप शाळेत पोचवण्याची सोय. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती रटलेज यांनी मॅडिसनचं ते निवेदन अख्खंच्या अख्खं आपल्या मतपत्राला जोडलं. एव्हरसन हरले, पण भिंत आता राज्यांनाही लागू झाली.

तेरा महिन्यांनी तिचा कस लागला, इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावच्या प्रकरणात.

तिथल्या शाळांमध्ये १९४०पासून आठवड्यातून एकदा, शाळेच्याच वेळात आणि शाळेच्याच वर्गात, धर्मशिक्षणाचा तास होई. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू मंडळींनी मिळून स्थापलेली समिती शिक्षक पुरवी आणि त्यांचा पगारही देई. पालकांनी संमतीचं कार्ड भरून दिलं तरच मूल तासाला बसे. कागदावर सक्ती कुठेच नव्हती. व्हॅश्टी मॅकॉलम यांनी मुलासाठी कार्ड भरलं नाही. पाचवीच्या वर्गात तासाला न बसणारा जेम्स एकटाच उरला. तास सुरू झाला की त्याने वर्गाबाहेर जायचं. शिक्षिकेने त्याला व्हरांड्यात एका बाकावर बसवलं. त्या बाकावर एरवी शिक्षा झालेली मुलं बसत. येणारी-जाणारी पोरं त्याला चिडवू लागली.

मॅकॉलम या प्राध्यापकाच्या पत्नी, तीन मुलांची आई. वडील रोचेस्टरमधले परखड विवेकवादी. मुलीचं व्हॅश्टी हे नाव बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकातलं, राजाने बोलावूनही दरबारात जायला नकार देणाऱ्या राणीचं. आधी त्यांनी शाळेत जाऊन समजावून पाहिलं. उपयोग झाला नाही तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. सप्टेंबर १९४५मध्ये सुनावणी झाली, त्या देव मानत नाहीत ही बातमी देशभर छापून आली आणि तिथून छळ सुरू झाला. शिव्याशापांची पत्रं येऊ लागली. हॅलोविनच्या रात्री दारावर आलेल्या जमावाने कुजके टोमॅटो आणि कोबी फेकून मारले. घरातलं मांजर कोणीतरी फास लावून मारलं. विद्यापीठात नृत्य शिकवण्याचं त्यांचं काम गेलं. जेम्सला मार खावा लागे. शेवटी त्याला आजी-आजोबांकडे रोचेस्टरला पाठवावं लागलं. हे सगळं त्यांनी १९५१मध्ये एका आठवणीवजा पुस्तकात लिहून ठेवलं. गावातल्या न्यायालयात त्या हरल्या, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयातही हरल्या.

वॉशिंग्टनमध्ये मात्र त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात निवेदनं दाखल केली त्यांत बाप्टिस्टांची संयुक्त समिती होती, सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट होते, युनिटेरियन होते, ज्यू धर्मगुरूंच्या संघटना होत्या. बाप्टिस्टांना मॅकॉलम यांची मतं पटत होती असं अजिबात नाही. सरकारी शाळेने धर्माचा तास घ्यावा हे मात्र त्यांना त्याहूनही कमी पटत होतं. ८ मार्च १९४८ रोजी आठ विरुद्ध एक असा निकाल लागला. सक्तीच्या शिक्षणाची यंत्रणा वापरून धर्मवर्गांना मुलं मिळवून देणं घटनेत बसत नाही, असं ब्लॅक यांनी लिहिलं. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी वेगळ्या सहमतीपत्रात मुलांच्या स्वभावावर बोट ठेवलं: मुलं एकमेकांचं पाहून वागतात, चारचौघांहून वेगळं राहणं त्यांना जमत नाही, म्हणून ‘नको असेल तर येऊ नका’ ही मुभा लहान मुलाच्या बाबतीत मुभा राहत नाही. मला वाटतं, या सगळ्या मालिकेतला सर्वांत समंजस विचार हाच आहे, आणि तो व्हरांड्यातल्या त्या बाकावरून निघाला आहे.

निकालाने चर्चांमधून मोठी ओरड झाली. चारच वर्षांनी, १९५२मध्ये, न्यायालय थोडं मागे सरलं आणि न्यूयॉर्कमधली मुलं शाळेबाहेर जाऊन धर्मवर्गाला बसतात त्याला त्याने मान्यता दिली. एव्हाना शीतयुद्ध ऐन भरात आलं होतं. साम्यवादी निरीश्वरवादी, म्हणून अमेरिकन माणूस आस्तिक असलाच पाहिजे, असं समीकरण होऊन बसलं होतं. १९५४मध्ये शाळकरी मुलं रोज म्हणतात त्या राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख घातला गेला. १९५६मध्ये ईश्वरावरचा विश्वास हे देशाचं अधिकृत ब्रीद झालं. अशा हवेत कोणी शाळेतल्या प्रार्थनेविरुद्ध ब्र काढला की त्याची देशभक्तीच तपासली जाई.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण नियामक मंडळाने, बोर्ड ऑफ रीजंट्सने, १९५१मध्ये स्वतःच एक प्रार्थना तयार केली. इंग्रजीत अवघ्या २२ शब्दांची. सर्वशक्तिमान देवावर आम्ही विसंबून आहोत हे मान्य करून, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर असं मागणं. कोणत्याच पंथाला दुखवू नये म्हणून ती इतकी गुळगुळीत केली होती, की येशूचंही नाव तिच्यात नव्हतं. लाँग आयलंडवरच्या हेरिक्स शाळा मंडळाने १९५८मध्ये ती रोज म्हणायचं ठरवलं. लॉरेन्स रॉथ या पालकाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन समविचारी पालक गोळा केले. शेवटी पाच कुटुंबं टिकली: ज्यू, युनिटेरियन, एथिकल कल्चर पंथाचे आणि एक निरीश्वरवादी. यादीत स्टीव्हन एंगल यांचं नाव आधी होतं, समोर मंडळाचे अध्यक्ष विल्यम विटाले, म्हणून खटला झाला ‘एंगल विरुद्ध विटाले’.

२५ जून १९६२ रोजी, सहा विरुद्ध एक मतांनी, ही प्रार्थना घटनाबाह्य ठरली. निकाल पुन्हा ब्लॅक यांचाच. लोकांसाठी प्रार्थना रचून देणं हे सरकारचं काम नाही, असं सांगून त्यांनी इंग्लंडच्या सरकारी प्रार्थनापुस्तकाचा इतिहास मांडला: राजा बदलला की प्रार्थना बदलायची, आणि ती नको म्हणणारे लोक जहाजात बसून अमेरिकेला यायचे. धर्म ही इतकी खाजगी आणि पवित्र गोष्ट आहे, की तिला सरकारी हात लागला की ती हीन होते, असं त्यांचं म्हणणं होतं. हे लिहिणारा माणूस धर्माचा वैरी नव्हता.

देशात मात्र आग लागली. कार्डिनल स्पेलमन यांनी आपल्याला धक्का आणि भीती वाटल्याचं जाहीर केलं. अलाबामाचे काँग्रेस सदस्य जॉर्ज अँड्र्यूज म्हणाले, की यांनी आधी काळ्यांना शाळेत आणलं आणि आता देवाला बाहेर काढलं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४चा निकाल याच न्यायालयाचा; ती खुन्नस या वाक्यातून उघडी पडते. रॉथ यांच्या दारात पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांचा क्रूस पेटवला गेला. अध्यक्ष जॉन केनेडी स्वतः कॅथलिक. दोन दिवसांनी पत्रकारांनी विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, की यावर उपाय अगदी सोपा आहे: आपण घरी जास्त प्रार्थना करू, चर्चमध्ये अधिक निष्ठेने जाऊ.

आणि मग पुन्हा फिलाडेल्फिया. १८४४च्या दंगलीच्या जागेपासून थोड्याच अंतरावर अ‍ॅबिंग्टन हे उपनगर आहे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत रोज बायबलमधली किमान दहा वचनं, कोणतंही भाष्य न करता, वाचायची असत. अ‍ॅबिंग्टनच्या हायस्कूलमध्ये सव्वाआठच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून एक विद्यार्थी ती वाचून दाखवी. मग सगळ्यांनी उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायची, ध्वजाला वंदन करायचं, आणि त्यानंतर दिवसाच्या सूचना. २६ नोव्हेंबर १९५६ रोजी १६ वर्षांच्या एलरी शेम्पने बायबलवाचन चालू असताना मित्राकडून आणलेलं कुराण उघडलं आणि मनातल्या मनात वाचू लागला. प्रार्थनेला तो उभा राहिला नाही. त्याची रवानगी शाळेच्या वरिष्ठांकडे झाली. त्याच संध्याकाळी त्याने वडिलांच्या टंकलेखन यंत्रावर नागरी स्वातंत्र्य संघटनेला पत्र लिहिलं आणि सोबत दहा डॉलर पाठवले.

शेम्प कुटुंब युनिटेरियन, नियमाने चर्चला जाणारं. एलरी शाळेतून बाहेर पडल्यावर धाकटी भावंडं रॉजर आणि डोना यांच्या नावाने खटला चालू राहिला. केंद्रीय न्यायालयाने १९५९मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा राज्याने घाईने कायदा बदलून पालकांना आपल्या मुलासाठी सूट मागण्याची मुभा दिली. वडील एडवर्ड शेम्प यांनी ती सूट मागितली नाही. का, ते त्यांनी साक्षीत सांगितलं: मुलं विक्षिप्त ठरतील, जो वाचनाला बसत नाही तो नास्तिक, आणि नास्तिक तो कम्युनिस्ट, असं लोक धरून चालतात, शिवाय वर्गाबाहेर उभं केलेलं मूल म्हणजे शिक्षा झालेलं मूल, असंच सगळ्यांना वाटतं. शॅम्पेनमध्ये जेम्सच्या वाट्याला नेमकं हेच आलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याबरोबर बाल्टिमोरच्या मॅडलिन मरे यांचाही खटला ऐकला. मरे कडव्या निरीश्वरवादी होत्या, बोलायला तिखट होत्या आणि साहजिकच वर्तमानपत्रांचा सगळा झोत त्यांच्यावर पडला. चर्चला जाणारे शेम्प मागे पडले. शाळेतून देवाला एका नास्तिक बाईने काढलं, हा समज तिथून रूढ झाला.

१७ जून १९६३चा निकाल आठ विरुद्ध एक असा होता. तो लिहिला प्रेस्बिटेरियन न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी. न्यायालयातले एकमेव कॅथलिक विल्यम ब्रेनन यांनी सहमतीचं प्रदीर्घ मतपत्र लिहिलं, ज्यू न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनीही स्वतंत्रपणे सहमती दिली. कायद्याचा हेतू आणि त्याचा मुख्य परिणाम, दोन्ही ऐहिक असायला हवेत, अशी कसोटी क्लार्क यांनी घालून दिली. बायबल साहित्य म्हणून, इतिहास म्हणून शिकवायला काहीच हरकत नाही, हेही त्यांनी आवर्जून लिहिलं. हा भाग विरोधकांनी कधी लोकांना सांगितला नाही.

पुढचा प्रयत्न झाला तो घटनाच बदलण्याचा. न्यूयॉर्कचे फ्रँक बेकर यांच्या पुढाकाराने १९६४मध्ये प्रतिनिधीगृहात शंभराहून अधिक दुरुस्ती-प्रस्ताव आले. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर यांनी त्यावर सविस्तर सुनावणी ठेवली आणि तिथे चित्र पालटलं: प्रॉटेस्टंट आणि ज्यू संघटनांचे प्रतिनिधी, घटनेचे अभ्यासक एकामागून एक येऊन दुरुस्तीविरुद्ध बोलले. धर्मगुरूंनीच नको म्हटल्यावर प्रस्तावातली हवा गेली. १९६६मध्ये सिनेटमध्ये एव्हरेट डर्कसन यांच्या दुरुस्तीला ४९ विरुद्ध ३७ मतं मिळाली. दोन-तृतीयांश बहुमत झालं नाही. १९८४मध्ये रोनाल्ड रेगन यांनी जोर लावला, तेव्हाही ५६ विरुद्ध ४४वर गाडी अडली.

पण निकाल लागला म्हणून प्रार्थना थांबली असं झालं नाही. दक्षिणेतल्या कितीतरी शाळांत ती पुढे अनेक वर्षं बिनदिक्कत चालू राहिली, कारण तिथे फिर्याद करायला कोणी उभं राहिलं नाही. मॅकॉलम यांच्या घराचं काय झालं ते पाहिल्यावर कोण उभं राहणार? या निकालांची दुसरी किंमत राजकारणात चुकवावी लागली. ‘देवाला शाळेत परत आणा’ ही घोषणा सत्तरच्या दशकाअखेरीस संघटित झालेल्या धार्मिक उजव्यांच्या हाती आयती पडली, आणि तिच्या जोरावर न्यायाधीश नेमणारे अध्यक्ष निवडून आले.

मॅकॉलम खटल्याच्याच सुमारास भारतात आपली घटना समितीही हाच प्रश्न सोडवत होती. त्या निकालानंतर नऊ महिन्यांनी, डिसेंबर १९४८मध्ये, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण असू नये, या तरतुदीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समर्थन केलं. सर्वांच्या करातला पैसा एका धर्मासाठी वापरता येत नाही आणि इतक्या धर्मांच्या देशात शाळेने कोणाचं शिक्षण द्यायचं, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज ते कलम २८ आहे. नाशिकमधल्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली गेली, तेव्हा २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला.

अमेरिकेत १९६२ आणि १९६३चे निकाल अजून रद्द झालेले नाहीत, पण त्यांच्याभोवतीचा आधार ढासळतो आहे. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला आणि क्लार्क यांच्या कसोटीतून वाढलेली जुनी तपासणी बाजूला सारली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो: प्रशिक्षकाच्या शेजारी गुडघे न टेकणाऱ्या खेळाडूवर काय दडपण येत असेल, ते फ्रँकफर्टर यांनी १९४८मध्येच लिहून ठेवलं होतं. जून २०२४मध्ये लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञांचा फलक लावण्याचा कायदा केला. आठवड्याच्या आत नऊ कुटुंबं न्यायालयात गेली. त्यांत ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत, युनिटेरियन आहेत, कोणताही धर्म न मानणारे आहेत, आणि फिर्यादी पालकांपैकी काहीजण स्वतः चर्चचे धर्मोपदेशक आहेत.